पश्चिम विभागाच्या सह्या

रविवार, ४ जानेवारी २०२६

‘सोबत’ बंद करायचं कार्यकारिणीने काल ठरवलं. मला कळलं आज सकाळी, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. वर कुणाच्या तरी लेकीचं अरंगेत्रम, खाली कुणाचा तरी सोफा विकणे आहे, आणि मधे हा निरोप. ‘आपले मंडळ सांस्कृतिक स्वरूपाचे असून अंत्यविधीसारख्या बाबींत कायदेशीर जबाबदारी उद्भवू शकते, सबब सोबत हा उपक्रम ३१ मार्चपासून थांबवण्यात येत आहे.’ खाली नाव कार्यवाहांचं. म्हणजे रुचिरचं.

रुचिरचं! चार वर्षांपूर्वी त्याची आजी इथे सिंगापूरला नातवाकडे म्हणून आली आणि सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये दुपारी झोपली ती उठलीच नाही. हा मुलगा दारात हातात फोन घेऊन उभा होता आणि फोन कुणाला करायचा ते त्याला माहीत नव्हतं. आजीच्या तोंडात तुळशीचं पान मी ठेवलं. आता मला ‘सबब’ लिहितो.

पंधरा वर्षं झाली. सुलेखा आणि मी दोघींनी सुरू केलं. लोकांचे आईवडील तीन महिन्यांसाठी येतात आणि त्यातलं कुणी इथेच जातं. मुलगा-सून शेजाऱ्यांना फक्त लिफ्टमध्ये भेटलेले. डॉक्टरचा दाखला, मंडाईच्या दहनगृहाची वेळ, गुरुजी, धोतर, काळे तीळ, खांदा द्यायला चार माणसं, हे सगळं दोन तासांत कुठून आणायचं? ‘सोबत’चा फोन सुलेखाकडे असतो, पिशवी माझ्याकडे. आजवर एकेचाळीस जणांना पोचवलं. २०१८ मध्ये तर एका आठवड्यात तीन. नेमके त्याच आठवड्यात माझे सासरे, प्रबोधचे बाबा, साताऱ्याला वारले. पण तिथे अख्खं घर होतं, आणि इथे वडील गेलेल्या त्या बिचाऱ्या मुलीजवळ कुणी म्हणजे कुणी नव्हतं. मी चौथ्या दिवशी पोचले. प्रबोधने समजून घेतलं.

असो. रडत बसण्यापेक्षा मी मंडळाची घटना काढली. बँकेत कम्प्लायन्समध्ये माझी बावीस वर्षं गेली आहेत, तांजोंग पगारच्या त्या इमारतीत माझं काम एकच, नियम लोकांपेक्षा आधी वाचणे. कलम चौदा: एकशेवीस सभासदांनी सह्या केल्या तर कार्यकारिणीला डावलून प्रस्ताव थेट वार्षिक सभेपुढे नेता येतो. सह्या त्या त्या विभागाच्या चिटणिसाने सभासदांच्या यादीशी ताडून प्रमाणित करायच्या, २८ फेब्रुवारीपर्यंत. मग कागद कार्यवाहांकडे. सभा २९ मार्चला.

विभाग चार, आणि पश्चिमेचा चिटणीस आमच्याच घरात राहतो. “घरचाच चिटणीस आहे, मला काय कुणाची भीती,” असं मी म्हटलं. प्रबोध संत्रं सोलत होता. “हो,” म्हणाला.

शनिवार, १७ जानेवारी

आज दमले, पण काय दिवस होता!

बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोमध्ये, खालच्या फंक्शन रूममध्ये, मंडळाचं हळदीकुंकू. सिंगापूरभरच्या बायका येतात, रथसप्तमीच्या आतलं हेच एक सगळ्यांना जमणारं. माझ्या डोक्यात कल्पना आली की इतक्या बायका एका ठिकाणी पुन्हा कधी मिळणार? दाराशी टेबल मांडलं. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची चहाची गाळणी, आणि शेवटी कागद नि पेन. कागदावर वर ‘विभाग’ अशी एक रिकामी जागा होती, तिथे मी सगळ्यांवर ‘पश्चिम’ लिहून टाकलं. बुओना व्हिस्टा पश्चिमेतच येतं.

काहीजणी घाबरल्या. “नीताताई, आम्ही ईपीवर, नोकरीच्या पासवर आहोत हो, सह्याबिह्या नको बाई.” मी म्हटलं, अगं, हे सरकारकडे नाही चाललेलं, आपल्या रुचिरकडे चाललंय. एक म्हणाली, यांना विचारून सांगते. मी म्हटलं, विचार, पण ते गेले तर कुणाला विचारशील? माझी जीभ ही अशी. सुलेखाने कोपराने ढोसलं. पण ती बाई हसली आणि सही केली.

एका दुपारी चौऱ्याऐंशी सह्या. पहिली सुलेखाची. ती टॅम्पिनीसहून एवढी लांब आली आणि सगळ्या वेळ उभी होती, गुडघा दुखत असून.

रविवार, १८ जानेवारी

कागद प्रबोधला दिले. त्याने पहिलाच बघितला आणि विचारलं, “सुलेखाची सही यातच आहे?”

“मग? शुभारंभ तिच्याच हातचा.”

“ती पूर्वेला राहते.”

“म्हणून काय तिची सही बदलते?”

त्याने कागद सरळ करून घेतले. मग म्हणाला, “ठेव. बघतो.”

आणि खरंच बसला. पेन्सिल घेऊन, चष्मा लावून, तासभर, एकेका नावावर. मी चहा नेऊन ठेवला तर वर पाहिलं नाही. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं कौतुक वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत, म्हणून लिहून ठेवते. मनापासून काम करतो माणूस.

बुधवार, २१ जानेवारी

बेचाळिसावी. तन्मयची आई.

तन्मय म्हणजे पुण्याहून आलेला इंजिनिअर, जेमतेम दीड वर्ष झालंय. आई दोन महिन्यांसाठी आलेली. मी पोचले तेव्हा तो तिच्या पायाशी बसून तिचे मोजे सारखे करत होता. “काकू, तिला एसी सहन होत नाही,” म्हणाला. मी एसी बंद केला. त्याच्या बायकोला चार महिन्यांचं बाळ. सुलेखाने फोन सांभाळले, मी आईंना तयार केलं. साडी कोणती हे ठरवताना तो पहिल्यांदा रडला.

आज प्रबोधची स्कॅनची वेळ होती, मी बरोबर जाणार होते. त्याला मेसेज केला. “ओके,” एवढंच आलं. एकटाच जाऊन आला. काही निघालं नाही, सुदैवाने. मी घरी आले तेव्हा जेवण झालं होतं त्याचं. माझं ताट झाकून ठेवलं होतं.

रविवार, १ फेब्रुवारी

शुभवर्तमान. रुचिरचा ईमेल: चिनी नववर्षाच्या सुट्ट्यांमुळे सह्या प्रमाणित करायची मुदत २८ फेब्रुवारीऐवजी १४ मार्च. आजीची आठवण झाली असेल कुठेतरी. मी त्याला उगाच नावं ठेवली.

आत्तापर्यंत एकूण एकशे एकतीस सह्या झाल्या! हळदीकुंकवाच्या चौऱ्याऐंशी, त्यानंतर मी गोळा केलेल्या आणखी सव्वीस, त्याही त्याच कागदांना जोडून, आणि एकवीस सुलेखाने तिच्या पूर्वेला जमवलेल्या. माझे सगळे कागद प्रबोधच्या खणात. “कधी करतोस?” विचारलं तर म्हणाला, “आता तर मुदत वाढली ना. घाई काय?”

खरं आहे. घाई कसली.

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रबोध सकाळीच त्याच्या सायकलवाल्यांबरोबर पुलाउ उबीन बेटावर गेला. बरं झालं, स्कॅनपासून जरा गप्प गप्प असतो, हवापालट होईल. मी आणि आमच्या लेकीने, मैत्रेयीने, बटाटेवडे केले. म्हणजे मी केले, ती फोन बघत उभी होती.

मैत्रेयी खाली कचरा टाकून आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मा, बाबा वेंट उबीन मेह? हिज बाइक इज डाउनस्टेअर्स व्हॉट.”

मी म्हटलं, असू दे त्याची सायकल खाली, तिथे जेटीशीच भाड्याने मिळतात, त्या लाकडी बमबोटीत चढवत बसायची कटकट कोण करणार? “ही नेव्हर रेंट वन,” म्हणाली. “सॅडल सो हार्ड, ही ऑल्वेज कम्प्लेन.” या मुलीला कॉलेजात गेल्यापासून प्रत्येक गोष्टीत शंका.

चारला परत आला. वडे चार खाल्ले. दरवेळी उबीनहून आला की लाल होऊन येतो आणि मानेला काकडी चोळून मागतो. आज मागितली नाही. सावली होती म्हणाला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

चिनी नववर्ष. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दोन संत्री दिली, मी दोन दिली, परंपरेप्रमाणे. खाली सिंहनृत्याचे ढोल. निम्मं मंडळ सुट्टीला भारतात नाहीतर बाताम बेटावर.

कागद अजून खणात. मी एकदा म्हटलं. “होईल गं,” म्हणाला. ऑफिसात मी लोकांना तिसऱ्या दिवशी स्मरणपत्र धाडते, नि सातव्या दिवशी त्यांच्या साहेबाला. पण घरच्या माणसाला काय स्मरणपत्र धाडायचं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

जेवण तसंच ठेवून आधी हे लिहितेय.

दुपारी बारा वाजता ईमेल. ‘घटनेनुसार सभेच्या पस्तीस दिवस आधी प्रस्तावांची यादी निश्चित होणे बंधनकारक असल्याचे निदर्शनास आल्याने यापूर्वी दिलेली मुदतवाढ रद्द करण्यात येत आहे. सर्व सह्या रविवार, २२ फेब्रुवारी, सायंकाळी सहापर्यंत प्रमाणित होऊन कार्यवाहांकडे पोहोचाव्यात.’

परवा! आधी अठ्ठावीस, मग चौदा मार्च, आणि आता परवा. बँकेने गिऱ्हाइकाला असं केलं तर आमच्या माना कापतील. तरी मी स्वतःला म्हटलं, नीता, घाबरू नकोस, सह्या आहेत, चिटणीस घरात आहे, अर्ध्या तासाचं काम.

संध्याकाळी प्रबोध सोफ्यावर बसला होता. टीव्ही बंद. जणू माझीच वाट बघत होता. मी म्हटलं, आण ते कागद, जेवायच्या आत उरकून टाकू.

“नीता, मला ते प्रमाणित करता येणार नाहीत.”

“म्हणजे?”

“सगळे विभाग एकत्र आहेत. एकाच कागदावर टॅम्पिनीस, एकाच कागदावर पुंगोल. मी फक्त पश्चिमेच्या सभासदांवर सही करू शकतो. आणि मिसळलेला कागद नियमाप्रमाणे अख्खाच बाद.”

 हळदीकुंकवाला आलेल्या बायका! आपण आपल्या गल्लीतल्यासारखं सगळ्यांना एका ताटातलं कुंकू लावलं नि एका कागदावर बसवलं. ‘विभाग’ म्हणजे सही कुठे केली तो नाही, बाई कुठे राहते तो. वर माझ्याच हाताने ‘पश्चिम’ लिहिलेलं, सगळ्या कागदांवर. कलम चौदा पाठ आहे म्हणून मिरवणारी मी.

“मला आज दिसलं हे,” प्रबोध म्हणाला. “आज बसलो होतो बघायला.”

माझीच चूक. बावीस वर्षांची कम्प्लायन्सवाली आणि चूक काय, तर हळदीकुंकवाची. त्याने पाणी आणून दिलं. पाठीवरून हात फिरवला. आणि मी, मला आत्ता सांगायला लाज वाटत नाही, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

रविवार, २२ फेब्रुवारी

दोन दिवस पळापळ. सुलेखा पूर्वेला नि उत्तरेला, मी पश्चिमेला आणि मध्यला. नवे कागद, विभागवार, सुलेखाच्या एकवीस सोडून प्रत्येक सही पुन्हा. काल सकाळी सहाला निघाले. कुणी म्हणे मागेच केली ना ताई, परत कशाला. कुणाच्या घराला कुलूप, कुणी चांगीला विमानाच्या रांगेत. एकीने हॉकर सेंटरमध्ये, एका हातात कोपीचा कप धरून, दुसऱ्या हाताने सही केली, कागदावर कॉफीचा गोल उमटला. तन्मय बाळाला पोटाशी बांधून आला आणि म्हणाला, “काकू, माझ्या मजल्यावर अजून दोन मराठी घरं आहेत.” जाऊन त्यांनाही घेऊन आला.

साडेपाचला सगळं मोजलं. एकशे तीन.

पश्चिमेचे कागद प्रबोधने पाच मिनिटांत प्रमाणित केले. शिक्का, तारीख, सुंदर अक्षर. बाकीच्या चिटणिसांनी तर दारात उभं राहून केलं होतं. रुचिरने कागद दोन्ही हातांनी घेतले आणि म्हणाला, “नीताताई, आय अ‍ॅम सो सॉरी, सतरा कमी पडतायत.” मी त्याला म्हटलं, तुझ्या आजीला विचार किती कमी पडतायत. तो खाली बघू लागला. मला आनंद झाला. दिवसभरात तेवढाच.

सुलेखा गाडीत गुडघा चोळत बसली होती. टॅम्पिनीसला उतरताना म्हणाली, “तारीख दोनदा बदलली, नीता. तारीख आपोआप बदलत नाही.”

शनिवार, २८ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते. लिहिलं नाही तर मला स्वतःलाच उद्या खरं वाटायचं नाही.

सकाळी अकराला सुलेखा आली, न कळवता, गुडघ्याला पट्टा बांधून. कुठल्याही सभासदाला कार्यकारिणीच्या बैठकांची इतिवृत्तं मागता येतात, तिने मागितली होती. मी बसले आहे, आणि ती उभ्यानेच वाचतेय:

‘दिनांक ८ फेब्रुवारी. पश्चिम विभागाच्या चिटणिसांनी निदर्शनास आणले की सोबत प्रस्तावावरील बहुतांश सह्या विभागवार घेतलेल्या नसल्याने प्रमाणित होऊ शकणार नाहीत. वाढीव मुदत कायम राहिल्यास सह्या नव्याने घेतल्या जाण्याची शक्यता आहे. सबब मुदतवाढ रद्द करावी व तसे २० फेब्रुवारी रोजी कळवावे. सूचक: रुचिर. अनुमोदक: प्रबोध.’

“आठ तारखेला तो उबीनला होता,” मी म्हटलं.

सुलेखाने कागद माझ्या मांडीवर ठेवला. हजर लोकांच्या सह्या होत्या खाली, त्यांत प्रबोधचीही. ती सही मी ओळखते. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर आहे, मैत्रेयीच्या जन्मदाखल्यावर आहे, या फ्लॅटच्या कागदांवर आहे.

सायकल खाली होती. मुलीने सांगितलं होतं मला.

सुलेखा गेल्यावर मी खण उघडला. माझे हळदीकुंकवाचे कागद होते तसेच होते. कडेला, प्रत्येक नावापुढे, पेन्सिलने, बारीक सुबक अक्षरात: पू, प, उ, म. चौऱ्याऐंशी नावं. खाली बेरीज केलेली. म्हणजे आज बघितलं वगैरे काही नाही. अठरा जानेवारीला, जेव्हा मी चहा नेऊन ठेवला आणि मला कौतुक वाटलं, त्याच तासात त्याने एकेक सही वेगळी केली होती. तेव्हा एक वाक्य बोलला असता तर माझ्याकडे पाच आठवडे होते.

मागची पानं उलटून बघितली. ‘मनापासून काम करतो माणूस’ असं मीच लिहिलंय. खोडायचा मोह झाला. खोडलं नाही.

रविवार, १ मार्च

मैत्रेयी ग्रंथालयात गेल्यावर मी इतिवृत्त आणि पेन्सिलीचा कागद दोन्ही त्याच्यासमोर ठेवले. आरडाओरडा केला नाही. मला वाटलं तो नाकारेल. नाकारलं नाही.

“बंद व्हायला हवं होतं ते,” म्हणाला.

“का?”

“तुला खरंच माहीत नाही?” मग म्हणाला, “बाबा गेले तेव्हा मी तुला सकाळी फोन केला. दुपारी केला. संध्याकाळी केला. मी म्हटलं, नीता, ये. तू म्हणालीस, तिथे सगळे आहेत. होते. सगळे होते. तू नव्हतीस. बाबांना आंघोळ घालताना काका विचारतात, सूनबाई कुठाय, आणि मी काय सांगू, दुसऱ्या कुणाच्या बाबांना आंघोळ घालतेय?”

मी म्हटलं, आठ वर्षं झाली. एकदा तरी बोलायचं होतंस.

“स्कॅनच्या दिवशीही गेलीस. त्या मशीनमध्ये मी पडलो होतो, आणि मला वाटलं की समजा यात काही निघालं, तरी ही येणार ती पिशवी घेऊन, एका केससारखी.”

मी ओल्या डोळ्यांनी ऐकत होते, हे मान्य. नंतर माळ्यावरून २०१८ची डायरी काढली. त्या आठवड्यात त्या मुलीबद्दल चार पानं आहेत. सासऱ्यांबद्दल दोन ओळी, आणि दुसरी ओळ: प्रबोधने समजून घेतलं. तो फोनवर काय म्हणाला ते कुठेही नाही. ते वाक्य माझंच. त्याच्या तोंडचं एकही अक्षर मी लिहून ठेवलं नव्हतं.

तर हा माझा गुन्हा, कबूल. त्याला दुखवलं आणि वर समजूतदार म्हणून त्याची पाठ थोपटली.

पण त्याचं काय? मला म्हणाला असता, बंद कर, तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित केलंही असतं. त्याने ते केलं नाही. माझी चूक त्याने पहिल्या दिवशी पाहिली आणि ती खणात ठेवून पिकू दिली. मला मुदत वाढल्याचा आनंद होऊ दिला. त्या शुक्रवारी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ते मी कुठल्या खणात ठेवू? बाकी सगळं विसरेन एक वेळ, तो हात नाही विसरता येणार.

त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “तेव्हा मला खरंच वाईट वाटत होतं.”

मला वाटतं तो खरं बोलत होता. त्यानेच जास्त चीड आली.

रविवार, २९ मार्च

वार्षिक सभा. आमचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर नव्हताच. तन्मय उठून बोलू लागला. “माझ्या आईच्या वेळी,” एवढंच म्हणाला, तोच अध्यक्षांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की विषयपत्रिकेबाहेरचे विषय घेता येत नाहीत. तन्मय खाली बसला. 

शेवटी सुलेखाने फोन टेबलावर ठेवला आणि मी पिशवी. रुचिरने यादी करून घेतली: धोतर दोन, गंगाजलाची बाटली एक, तीळ, कापूर, कापसाचा गुंडाळा. तुळस त्याने यादीत धरली नाही, कारण ती माझ्या खिडकीतली. टाळ्या झाल्या. आम्हा दोघींना ऑर्किडच्या कुंड्या दिल्या. प्रबोध मागच्या रांगेत होता. टाळ्या वाजवत होता की नाही ते मी बघितलं नाही.

बुधवार, १ एप्रिल

आज रजा घेतली. सकाळी पोहे केले. तो समोर बसला. महिनाभर आम्ही मीठ दे, फोन वाजतोय, एवढंच बोलतोय. मैत्रेयी आमच्याकडे आळीपाळीने बघत पटकन खाऊन निघून गेली. “आय गो फर्स्ट, हां,” म्हणाली.

ती गेल्यावर मी विचारलं. भांडायला नाही. हा प्रश्न खरंच माझ्या मनात आला, खिडकीतल्या तुळशीला पाणी घालताना.

“प्रबोध, समज, उद्या दुपारी मी झोपले आणि उठलेच नाही. तू पहिला फोन कुणाला करशील?”

त्याने क्षणभरही विचार केला नाही. “सुलेखाला.”

मग त्याचा चमचा हातातच राहिला.

“तो फोन रविवारी मंडळाने जमा करून घेतला,” मी म्हटलं. “अनुमोदक म्हणून तुझीच सही आहे.”

पोहे गार झाले होते. मी माझी बशी उचलली, धुतली, आणि ऑफिसला जायचं नसतानाही पर्स घेऊन बाहेर पडले.